सुमितला चावलेला डास

बरकतपुरा, हैदराबाद

आई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवते. फोनवर बाबा शेजारी असतात, म्हणून लिहिते आहे. मी बरी आहे, वेळेवर जेवते. घरमालकीण निर्मलाकाकू इथल्याच मराठी. ‘हौ’ म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य संपत नाही, पण वरण आपल्यासारखंच करतात.

लॅबमध्ये आम्ही डासांना डेंग्यूची लागण करतो. मग बर्फावर ठेवून सुईनं त्यांची आतडी काढायची. साठ आतडी जमली की एक नळी भरते, आणि त्यातली प्रथिनं मोजतो. विषाणू शिरला की आतडं काही दिवस झगडतं, काही प्रथिनं वाढतात. नंतर सगळं निवतं. विषाणू लाळेपर्यंत पोचतो आणि डास ठणठणीत असतो. चार वर्षं झाली मला. औषध दूरच, ही प्रथिनं नेमकं काय करतात तेही कळलेलं नाही.

आपला धाकटा सुमित डेंग्यूनं गेला तेव्हा तू विचारलं होतंस, तो डास आपल्याच पिंपातला होता का? शिकून आल्यावर सांगते, म्हणाले होते मी. आई, ते कुठल्याच तपासणीत कळत नाही. कधी कळणारही नाही.

बाबांची शुगर तपासली का? पिंप देऊन टाकलंस, मग पाणी कशात भरतेस?

स्वतःला बोल लावणं सोड आता. त्या आठवड्यात पिंप घासायची पाळी माझी होती. परीक्षा होती म्हणून मी घासलं नाही, आणि तुला घासलं म्हणून सांगितलं.

तुझी,
प्रणिता