छोट्या क्लॅरिनेटचं तोंड

१२ नोव्हेंबर, रविवार

दुरुस्ती. गुरुवारी मी इथे लिहिलं की मोताळ्याच्या वरातीत प्रवीणचा दम पुरला नाही म्हणून छोटं क्लॅरिनेट किंचाळलं. खोटं आहे ते. माझा चुलतभाऊ गाढव आहे, पण त्या दिवशी दोष गाढवाचा नव्हता. आज वाद्यांची पेटी पुसायला काढली तेव्हा दिसलं: छोट्या क्लॅरिनेटवर मोठ्याचं माऊथपीस, म्हणजे फुंकायचं तोंड. काकांनी कानशीने घासून, वर दोरा गुंडाळून बसवलंय. नवरदेवाच्या घोड्यापुढे ते किंचाळणारच. प्र.ला उगाच नावं ठेवली. (ठेवायला दुसरी कारणं पुष्कळ आहेत.)

बाबांचं लाल दोऱ्याचं माऊथपीस पेटीतच होतं. कुणी हात लावलेला नाही. आमच्या घरात छोट्याच्या माऊथपीसला लाल दोरा, मोठ्याच्या काळा. बाबांनी मला हे अक्षरांच्या आधी शिकवलं.

१४ नोव्हें., मंगळ

काकांना विचारलं, छोट्यावर मोठ्याचं का बसवलं. बाबांचे दात गेले, वाजवणं सुटलं, तेव्हापासून बँड काकांचाच.

"अवं, फिरत्या विकणाऱ्यानं डझनावारी देल्ले. पांढरे. लाईटात कसे चमकतात पाह्य!"

म्हटलं, चमक ऐकू येते का?

"ए पट्टीवाल्याले हेच चालते, बी-फ्लॅटले हेच चालते. मंग ई-फ्लॅटले काऊन नाही? त्याले का सोन्याचं पायजे?"

इतकी सुबक चूक क्वचित ऐकायला मिळते. ए आणि बी-फ्लॅट ही दोन्ही मोठी, लांबीला जवळजवळ सारखी, नळीचा घेर तोच, म्हणून एक माऊथपीस दोघांना चालतं. ई-फ्लॅट म्हणजे आमचं छोटं. नळी बारीक, तोंड बारीक. दोघी जावांना एक चप्पल येते म्हणून ती तान्ह्या पोराला घालायची? काका घालतात.

गावाचंही तेच. एकाने बियाण्याचं जे पाकीट पेरलं ते सगळ्यांनी पेरलं, दुकानदार म्हणाला म्हणून. आता बोंडाबोंडात अळी, उभ्या कपाशीत गुरं सोडलीत आणि लग्नं पुढे ढकलली जाताहेत. २६ तारखेची मलकापूरची वरात तेवढी हातात आहे. तीही किंचाळली तर लोक डीजे सांगून मोकळे होतील.

१७ नोव्हें., शुक्र

माऊथपीसं तपासली, बाबांच्या रीतीने. सूर काढणारी वेताची पातळ पत्ती बांधायची, खालचं भोक तळहातावर दाबायचं, हवा ओढून घ्यायची. पत्ती क्षणभर चिकटून राहिली आणि मग 'टप्' झालं तर तोंड सरळ. पांढऱ्यांपैकी बरीच हवा सोडतात. लाल दोऱ्याचं चिकटलं. मी श्वास धरून बसले. टप्. पुन्हा केलं. खात्री होती तरी पुन्हा केलं.

प्र. दारात उभा. "काय वं, मुके घेऊन राह्यली का त्याचे?"

मग आपण होऊन म्हणाला, "माह्या तोंडात ते बसतच नाही. चिमणीची चोच हाय ते."

म्हणजे ओठ कमवायचे नाहीत. चिमणीलाच बैल करायचं.

१९ नोव्हें., रवि

घासलेलं माऊथपीस तडकलं. आनंद झाला. दुपारपर्यंत टिकला.

काकांचा नवा बेत: माऊथपीस घासायचं नाही, क्लॅरिनेटच कोरायचं. शुक्रवारी मलकापूरला लेथवर नेणार. माऊथपीस बसतं तो वरचा लाकडी तुकडा आतून मोठा करून आणणार. "एकदा भोक मोठं केलं का सगळ्यायले एकच तोंड!" कोरलेलं लाकूड भरून येत नाही आणि तसा तुकडा दुसरा मिळायचा नाही. बाबांचं वाद्य कायमचं बेसूर.

बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. आत येऊन मला म्हणाले, "भावासंग वाद नको." त्यांची कीव आली. कीव नाही, तुच्छता वाटली. बापाबद्दल असं लिहू नये. पण वाटली, म्हणून खोडत नाही.

२१ नोव्हें., मंगळ

काकांना तोंडावर सांगितलं, लेथवर नेलं तर वाद्य मेलं.

"मंग मलकापुरात वाजवते कोण? प्रवीणले तुह्यं ते चिमणीचं जमत नाही. तू वाजवतं?"

काकू हसली. प्र. तर मांडी थोपटून. अख्ख्या घराला नावं ठेवता येतात आणि एका प्रश्नाला उत्तर नाही.

संध्याकाळी बाबा म्हणाले, "त्यानं इचारलं ते बरोबरच हाय. वाजवते कोण?"

"तुम्हीपण, बाबा?"

"मी हासलो का?"

दार लावून मला सगळं वाजवता येतं. लोकांपुढे, रस्त्यावर, बाईमाणूस, बँडचा कोट घालून...

२२ नोव्हें., बुध

बाबा सकाळी मोठ्याची एक पत्ती घेऊन बसले. कडा घासल्या, टोक ब्लेडने कापलं, छोट्याच्या मापाची केली. लाल दोऱ्याच्या माऊथपीसवर बांधून माझ्या उशीपाशी ठेवली. कोणासाठी, ते बोलले नाहीत. नंतर नळावर निघून गेले, जणू पाणी भरायला त्यांच्याशिवाय कुणी नाही.

वाजवून पाहिलं. वरचा सा स्वच्छ लागला. लगेच थांबले. शेजारी ऐकू गेलं असेल का?

प्र.चा कोट घालून पाहिला. खांदे उतरतात, बाह्या दुमडाव्या लागतील. पिवळ्या झालरी, पितळी बटणं. आजवर मी ह्या कोटाला जेवढी हसले तेवढी दुसऱ्या कशालाच हसले नाही. आरशात पाहिलं नाही.

काका म्हणतील, शोभते का? काकू तोंडाला पदर लावेल. प्र. पुन्हा तेच मुक्यांचं. आणि मधेच पत्ती ओली होऊन सूर फाटला तर त्यांचं सगळं खरं ठरेल.

तालीम बसस्टँडामागच्या मोकळ्या जागेत असते. सगळे वाजवणारे असतात, रस्त्याने येणारे-जाणारेही थांबतात. ह्या आठवड्याची तालीम काका लेथकडे निघायच्या आदल्या दिवशी. वाजवून दाखवायचं तर तिथेच, त्यानंतर बोलून काही उपयोग नाही.

उद्या. गुरुवार, २३ नोव्हेंबर.