लॅबला व्हाउचर पाठवून बघ

दि. ३, रविवार दुपार

चि. फ्यूज यास,

दादाचे आशीर्वाद. तुला ते हवे असोत नसोत, पाठवायचा मान अजून माझ्याकडे आहे. आम्ही सगळे इथे बरे आहोत असं लिहायची रीत आहे, म्हणून बरे आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, तुझी वहिनी कुरकुरते, आणि मी नेहमीसारखा हसतमुख.

आधी हिशोब. तुझं पाचशेचं गिफ्ट व्हाउचर मला सहाशे चाळीसला पडलं.

कसं ते सांगतो. चष्म्याच्या दुकानातल्या काउंटरवरच्या ताईचा फोन आला. "काका, असाल तसे या, कॉम्प्युटर अडकलाय." मी एका छापखान्यात प्रिंटर उघडून बसलो होतो. तो तसाच टाकला आणि गेलो. कॉम्प्युटर ठणठणीत. ताईच्या हातात एक चकचकीत कार्ड. म्हणाली, "बघा ना, भेट आलीय. नंबर टाकला की चुकीचा म्हणतं."

नंबर चुकीचा नव्हता. बाईंनी तो नाण्याने इतक्या उत्साहाने खरवडला होता की दोन आकडे नखासकट गेले होते. उजेडात तिरपं धरून मी ते वाचले. मग तिचं खातं उघडून दिलं, कारण तिला ई-मेल नव्हता. मग तिने इस्त्री पसंत केली. मग घरपोच आणायचे नव्वद भरायला तिचं कार्ड चालेना, ते मी माझ्या फोनवरून भरले; "नंतर देते हं काका" म्हणाली, म्हणजे गेले. पेट्रोल ऐंशी, गाडी लावायचे वीस. आणि छापखानेवाल्याने तोवर दुसरा माणूस बोलावला, ते साडेचारशे. कर बेरीज. तुला बेरीज मीच शिकवली आहे.

एवढं सगळं झाल्यावर मी कार्ड उलटं केलं. मागे तुझ्या नव्या कंपनीचं नाव. "तुमच्या ऑफिसच्या कॉम्प्युटरची काळजी आता आमच्यावर सोडा."

म्हणजे माझं गिऱ्हाईक फोडायला तू पाठवलेलं व्हाउचर वटवून द्यायला मी स्वतः गेलो, स्वखर्चाने. एवढी चोख सेवा तुझ्या कंपनीतसुद्धा कुणी देत नसेल.

ताई बिचारी साधी. म्हणाली, "तुमच्या धाकट्या भावाचीच ना हो कंपनी? म्हणजे घरचीच. आम्हाला काय, हे आले काय नि ते आले काय." मी म्हटलं, "हो हो, घरचीच." हसलोही. माझं हसणं तुला माहीत आहे, ते वीज गेली तरी चालू राहतं.

दोन दिवसांनी वकिलांकडच्या टायपिस्टबुवांचा फोन. "अहो, तुमच्या त्या कुपनावर टेबलफॅन बसेल का?" माझ्या त्या कुपनावर! बसवून दिला. चष्मेवाल्यांनी या महिन्यापासून मला नको म्हणून कळवलं, वकिलांनी परवा. दोघंही फार गोड बोलले.

हे फोनवर बोललो असतो, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि मग तू "दादा, नंतर बोलू" म्हणतोस. पत्रात नंतर बोलू म्हणता येत नाही. वाच.

आपण हा धंदा कुठे आखला ते आठवतंय? आमच्या जेवायच्या टेबलावर, जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर. चार-पाच रविवार तुझी वहिनी ताटं घेऊन उभी, आणि आपण ताटांच्या जागी चौकोन काढत बसलेलो. तू म्हणालास, "दादा, दुरुस्तीत आता राम नाही. बिघडल्यावर बोलावतात आणि बिलावर घासाघीस करतात. महिन्याचे ठरावीक पैसे घ्यायचे आणि बिघडूच द्यायचं नाही. दहा-बारा छोटी ऑफिसं पुरेत." बरोबर बोललास. मी म्हटलं, "पण ती ऑफिसं मिळायची कशी, ते मला विचार. सही मालक करतो. पण मशीन बंद पडलं की नंबर कोण फिरवतं? समोर बसलेली ताई. मालकाला कोटेशन द्यायचं, ताईला सांभाळायचं." तुझी वहिनी ताटं आपटत म्हणाली, "मग तिलाच द्या काहीतरी भेट." आणि मी टेबलावर थाप मारली, "गिफ्ट व्हाउचर! मिठाईचा डबा मालक घरी नेतो. व्हाउचर ताईच्या पर्समध्ये जातं."

तू हसलास आणि कॅलेंडरवर लिहून घेतलंस. मला वाटलं, आपल्यासाठी लिहितोयस.

पुढे आपलं कुठे अडलं, त्यावर मी फार लिहीत नाही. तू म्हणालास निम्मं-निम्मं. मी म्हटलं, दुकान माझं, नाव माझं, ओळखी माझ्या. तुझा पगार वाढवतो, भरपूर वाढवतो. यात काय वाईट बोललो? परक्याला कुणी एवढा दिला असता का? तू ताट उचलून मोरीत ठेवलंस, आणि पुढच्या रविवारी आलाच नाहीस. आई अजून विचारते, "तो रागावला का रे?" मी सांगतो, कामात आहे.

कामात आहेसच म्हणा. माझ्याच.

मी हे दुकान कसं उभं केलं ते तुला सांगायला नको. लोकांचे कीबोर्ड उलटे करून त्यातला कचरा झाडण्यापासून सुरुवात केली. कुणी शिकवलं नाही, कुणी ओळख दिली नाही. तोंडाने गिऱ्हाईक मिळवलं आणि तोंडाने टिकवलं. म्हणून एक लिहून ठेवतो, भिंतीवर लाव: व्हाउचर चारल्याशिवाय माझ्याकडचं एकही गिऱ्हाईक तुला हलवता आलेलं नाही, आणि येणार नाही. चष्मेवाले इस्त्रीला गेले, वकील पंख्याला गेले. तुझ्याकडे कुणीच आलेलं नाही.

राहता राहिली ती रक्त तपासायची लॅब. तिचं वर्षाचं कंत्राट या महिन्यात संपतंय, हे तुलाही पाठ असणार. लपवत नाही, आता दुकानाचं भाडं लॅबवरच निघतं. लॅब राहिली तर दुकान राहील. पण लॅब राहणार, कारण तिथल्या मालकीणबाईंना, आपल्या मॅडमना, रक्त ओळखता येतं तशी माणसंही ओळखता येतात. करून बघ तुझा प्रयोग. लॅबला व्हाउचर पाठवून बघ. पाचशेचं नको, चांगलं पाच हजारांचं पाठव. परत येतं की नाही बघ.

आईने तुला जपून राहायला सांगितलंय. मी काही सांगितलेलं नाही.

तुझा थोरला,
दादा

⁂

दि. १६, शनिवार

चि. फ्यूज यास,

आशीर्वाद. तुझा दोन ओळींचा निरोप पोचला. "दादा, पत्र मिळालं. लॅबबद्दल मॅडमशी तूच बोल." एवढ्या लांब पत्राला एवढं उत्तर! पण तू लहानपणापासून असाच. घरातला फ्यूज उडवलास तेव्हाही काही बोलला नव्हतास, अंधारात मेणबत्ती शोधत बसलास. नाव मी ठेवलं, मेणबत्ती तू लावलीस.

तर गेलो लॅबमध्ये काल. इस्त्रीचा शर्ट घालून. रस्त्यात चार विनोद जुळवून ठेवले होते, एक रक्तगटावरचा नवीन होता. वेटिंगच्या बाकांवर माणसं बसली होती, कापसाचा बोळा दाबून हात वाकडे करून. मी रिसेप्शनच्या ताईला म्हटलं, "सगळ्यांना एकदम हात दुमडायला लावलेत, कवायत आहे का?" ती हसली. ती नेहमी हसते.

मॅडम रिपोर्टांवर सह्या करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बसा." मी कंत्राटाचा कागद पुढे ठेवला. त्यांनी तो हलकेच परत माझ्याकडे सरकवला.

"तुम्हाला फोनवर सांगणार होते. ते बरं दिसेना, म्हणून म्हटलं समोरच सांगू. पुढच्या महिन्यापासून तुमचे भाऊ बघतील."

मी म्हटलं, "मॅडम, काही चुकलं का आमचं?"

"तुमचं? छे. तुमच्याशी बोलायला मजा येते. तुम्ही आलात की सगळा स्टाफ हसतो." मग पेन खाली ठेवलं त्यांनी. "पण खरं सांगू? तुम्ही आलात की बरं वाटतं. ते आले की मशीन चालतं."

मी म्हटलं, "तोही माझ्याच हाताखाली तयार झालेला आहे."

"मग चांगलं शिकवलंत," मॅडम म्हणाल्या.

टोमणा नव्हता रे तो. टोमणा असता तर मी परतवला असता, टोमणे परतवण्यातच आयुष्य गेलंय. त्या मनापासून म्हणाल्या आणि पुढच्या रिपोर्टवर सही केली. पुढे सांगत राहिल्या, अगदी सहज, की मागे एकदा सर्व्हर बंद पडला होता तेव्हा मी तासभर येऊन, सगळ्यांना हसवून, "उद्यापर्यंत सुरू होईल" म्हणून गेलो. आणि माझ्यामागून तू आलास, दुपारपर्यंत खाली जमिनीवर बसून होतास, आणि संध्याकाळचे रिपोर्ट संध्याकाळी गेले. त्या म्हणाल्या, "बाहेर बसतात ना, त्यांच्यापैकी कुणाची आई असते, कुणाचं मूल. त्यांना उद्या सांगता येत नाही."

मला तो दिवस आठवत होता. पण माझ्या आठवणीत सर्व्हर मीच सुरू केला होता. बिल मी केलं होतं ना, त्यामुळे असेल.

मग शेवटचं काम उरलं, हवाली करण्याचं. मॅडमनी ताईला सांगितलं, यांच्याकडून सर्व्हरचा पासवर्ड लिहून घे. ताई कागद-पेन घेऊन उभी राहिली. आणि मी, दुकानाचा मालक, वर्षानुवर्षं त्या सर्व्हरचं बिल फाडणारा, उभा राहिलो. मला पासवर्ड माहीत नव्हता. मी एक सांगितला, चालला नाही. दुसरा सांगितला, तोही नाही. ताई म्हणाली, "राहू दे काका, मी त्यांनाच विचारते," आणि तिने तुला फोन लावला. स्पीकरवर.

तू पासवर्ड सांगितलास. एकेक अक्षर, सावकाश, तिला समजेल असं. आणि मग विचारलंस, "दादा आहे का तिथे?"

मी ताईकडे बघून मान हलवली. ती म्हणाली, "नाही, निघाले आत्ताच."

होतो मी. टेबलाला हात टेकून उभा होतो. तू "बरं" म्हणालास, आणि पुढे म्हणालास, "त्यांना पायऱ्या उतरताना सांभाळून जा म्हणावं, तिसरी फुटलीय." निघून गेलेल्या माणसाला निरोप! म्हणजे तुला कळलं होतं. ताईने माझ्याकडे पाहिलंच नाही, कागद फाइलमध्ये ठेवला. चांगल्या घरची मुलगी आहे.

घरी आलो. वहिनीला सांगितलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "त्याला निम्मं दिलं असतं तर किती गेलं असतं हो?" मी म्हटलं, "निम्मं." ती म्हणाली, "आणि आता?" आणि आत गेली. आई हे सगळं ऐकत होती. म्हणाली, "मला चार दिवस धाकट्याकडे नेऊन सोड." मी म्हटलं, गुडघा दुखतोय ना. तर म्हणते, "त्याच्याकडे लिफ्ट आहे." येईल ती मंगळवारी. गोळ्यांची पिशवी बरोबर देतो. रात्रीची गोळी जेवणाआधी, ती विसरते आणि घेतली म्हणते.

गाळ्याच्या मालकाला कळवलंय, महिनाअखेर सोडतो. त्याने मला धीर द्यायचा प्रयत्न केला, मीच त्याला हसवून परत पाठवला. सवय. टेबलं, रॅक, सुट्या भागांचे डबे, तुला काय लागेल ते उचल. फुकट नको असेल तर वजनावर घे, पण भंगारवाल्याच्या वर एक दिडकी देऊ नकोस. मी नसेन त्या दिवशी ये. किंवा असेन त्या दिवशी ये. तुझ्या सोयीने.

लॅबच्या यूपीएसची बॅटरी फुगायला लागलीय, डावीकडची. हे मला माहीत होतं, एवढं तरी मांड माझ्या खात्यावर. आठवड्याच्या आत बदल. मॅडमना बिल सोमवारी दे, सोमवारी त्यांचा मूड चांगला असतो.

काल आणखी एक झालं, ते लिहू की नको म्हणून पान उलटून बसलो होतो. निघताना मी ताईला हळूच विचारलं, "काय मग, केवढ्याचं आलं तुला?" तिला कळेना. म्हणाली, "काय केवढ्याचं, काका?" मी पुन्हा विचारलं, तिने ड्रॉवर उघडून दाखवला, त्यात नुसत्या पावत्या. मग परत आत जाऊन मॅडमनाही विचारून आलो, लाज सोडून.

लॅबला तू व्हाउचर पाठवलंच नव्हतंस.

दादा