मागच्या झुडपांतला धूर

ता. ४ मार्च

चि. भाऊजींस अनेक आशीर्वाद.

तुम्ही बांधलेल्या शाळेचं सगळ्या गल्लीला कौतुक आहे. बाहेर ऊन भाजतंय, पण वर्गात पाऊल टाकलं की अंगावर गारवा येतो. पंखा नाही, दिवा नाही, पोरांना दिवसाचा उजेड पुरतो. हे असते तर शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांना ऐकवलं असतं, की माझ्या धाकट्याची शाळा आहे.

फक्त आपली भिंगरी नावाला जागत नाहीये. माझी ही नात बाकावर टिकेल का, याची मला धास्ती होती. आता आठवडाभर घरी आली की दप्तर टाकून भिंतीला टेकते, डोकं दुखतं म्हणते. तिच्या बाईंना विचारलं तर हसून म्हणाल्या, आजी, अख्खा वर्गच गुणी झालाय, दृष्ट लावू नका.

आणि एक लढाई जिंकले. शेजारच्या छापखान्याच्या जनरेटरचा धूर थेट माझ्या स्वयंपाकघरात यायचा. मालकाला असं फैलावर घेतलं, की बिचाऱ्याने गेल्या आठवड्यात पाइप वळवून मागच्या झुडपांत सोडला. आता कुणालाच त्रास नाही.

तुमच्या मोडक्या पायाला जपा. लोभ आहे तसा राहू द्या.

तुमची वहिनी

ता. १० मार्च

ती. वहिनींस सा. न. वि. वि.

छापखानेवाल्याची दया आली. दादा तुमच्यापुढे गप्प का बसायचे ते आठवलं.

गारव्याचं गुपित सांगतो. शाळेखाली लांब नळ पुरलेत. बाहेरची हवा त्यांतून फिरते, जमिनीत गार होते आणि वर्गात येते. म्हणून बाईंना बजावलंय, खिडक्या उघडू नका. भिंगरीला विचारा, तुझी चावी कुणी काढून घेतली? डोळे तपासून घ्या एकदा.

प्लास्टर अजून महिनाभर आहे. पडल्या पडल्या भिंती मोजतोय. आशीर्वाद असू द्यावा.

तुमचा धाकटा दीर

ता. ११ मार्च

वहिनी,

मायना लिहायला वेळ नाही. काल पत्र टाकायला दिलं आणि आज तुमचं पुन्हा वाचलं. मागची झुडपं म्हणजे शाळेच्या कुंपणाची, ना? शाळेखालच्या ज्या नळांतून वर्गात हवा येते, त्यांचं तोंड तिथेच आहे. सावलीतली हवा आधीच थोडी गार असते, म्हणून ती जागा मीच निवडली. जमिनीखालून येताना धुराचा वास मरतो. विष मरत नाही.

शाळेत फोन केला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, परीक्षा चालू आहे, आणि खिडक्या बंद ठेवा हे तुम्हीच सांगितलंत. छापखान्यात कुणी उचलत नाही. पोलीस विचारतात, धूर दिसतोय का? दादांची बातमी फोनवर आली तेव्हापासून तुम्ही घरात फोन ठेवत नाही, म्हणून ड्रायव्हरला पाठवतोय. पत्र पुरतं वाचत बसू नका. आधी जा.

ता. ११ मार्च, दवाखाना

चि. भाऊजींस आशीर्वाद.

अर्ध्यातच पत्र टाकून धावले. परीक्षा चाललेली आणि एकाचीही पेन्सिल हलत नव्हती. पोरं बाकांवर डोकी टेकून होती. बाई खुर्चीत जाग्याच होत्या, पण मला ओळखेनात. खिडकीची कडी सरकेना, तेव्हा स्टुलाने काच फोडली. ड्रायव्हरने आणि छापखान्याच्या माणसांनी सगळ्या वर्गांतली पोरं उचलून अंगणात आणली. जनरेटर बंद केलाय.

मोकळ्या हवेत एकेक पोर ओकायला, रडायला लागलं, तसा जीव भांड्यात पडला. भिंगरी रडली नाही.

तिच्या तोंडावर प्राणवायूचा मास्क आहे. डॉक्टर म्हणतात, बघू. छापखानेवाला दाराबाहेर उकिडवा बसलाय. त्याला म्हटलं, तू माझंच ऐकलंस, आत ये. येत नाही.

ह्यांच्या वेळी निरोप आला तेव्हा सगळं संपलेलं होतं, काही बोलता आलं नाही. इथली नर्स म्हणाली, ऐकू जात असेल, बोलत राहा. म्हणून बोलतेय. घरचं सांगितलं, गल्लीतलं सांगितलं, तुम्ही लहानपणी काय उपद्व्याप करायचात तेही सांगितलं. आता सांगायला काही उरलं नाही, म्हणून हे पत्र लिहीत लिहीत तिला मोठ्याने वाचून दाखवतेय. पत्र न्यायला ड्रायव्हर दोनदा डोकावून गेला. होऊ दे उशीर.

लोभ ठेवा म्हणून खाली सही केली, की वाचायलाही काही उरणार नाही. म्हणून करत नाही. भिंगरी, ऐकतेस ना? मग पुढे असं झालं, की