एकटा कोरडा चौकोन

३ नोव्हेंबर
आज रायपुरात पोहोचले आणि प्रथमच एखाद्या शहराने माझी निराशा केली नाही. तेलीबांध्याच्या पुढे, कुसुमतालाच्या काठच्या वसाहतीत वरच्या मजल्यावर खोली मिळाली; खिडकी पूर्वेला, भिंती स्वच्छ. खाली घरमालकीण प्रेमलाबाई एकट्या राहतात. यजमान रेल्वेत गार्ड होते, माहेर वर्ध्याचे. मी तलावाच्या पाहणीच्या कामासाठी आले हे ऐकून, पानात भात वाढताना त्यांनी विचारले, आकाशातून तलावाची तब्येत कशी कळते. मी सांगितले की उपग्रहाच्या प्रतिमेत हिरवळ, ओल, उष्णता आणि उघडी जमीन पाहून खोऱ्याच्या प्रत्येक चौकोनाला गुण द्यायचे आणि वर्षावर्षांची तुलना करायची. पाण्याला गुण नसतात. ते नकाशातून आधीच कापून टाकायचे. त्या म्हणाल्या, म्हणजे तू तळ्याची डॉक्टरीणच होय. उपमा ढोबळ आहे, तरी आवडली.

८ नोव्हेंबर
सहकारी शेखर याला मराठी कळते, उत्तर मात्र तो हिंदीत देतो. त्याचे नकाशेही असेच सरमिसळीचे. आजच्या प्रतिमेत आमच्या मागची गल्ली निळी, म्हणजे पाणी, दिसली. ती जागा पूर्वी तलावाचीच. भर घालून घरे बांधली आहेत. सारे निकष पुन्हा तपासले, मग जाऊन पाहिले. गल्ली कोरडी, दोरीवर कपडे. माझ्या गणितात चूक नव्हती. म्हणून मी गल्लीलाच चूक ठरवले आणि पाणी म्हणून कापून टाकले.

१० नोव्हेंबर
गल्लीत कोणी बोलत नाही. शेजारची शेवंता नळापाशी उभी होती. वारा नव्हता, तरी तिचा पदर वर उचलला जाऊन संथपणे हलत होता, केसही. ओठ हलले, आवाज आला नाही. प्रेमलाबाई तिला हाका मारून थकल्या. जमीन कोरडीच आहे.

१३ नोव्हेंबर
नव्या प्रतिमेत निळा रंग चहूबाजूंनी आला आहे. मधोमध एकच कोरडा चौकोन: हे घर. पाण्याने वेढलेला एकटा चौकोन दोष मानून निळ्याने भरून टाकावा, हा नियम मीच लिहिला आहे. प्रेमलाबाईंनी माझ्या संगणकाच्या पडद्यावर बोट ठेवले. "हे माझं घर होय ना? राहू दे ना वं. एक ठिपका तुले काय खाते? काहून पुसून राहिली?" मी समजावले की घर पाहून नियम बदलत नाहीत. कार्यालयात जाऊन चौकोन भरला. नकाशा निर्दोष झाला.

संध्याकाळी परतले. त्या स्वयंपाकघरात बसल्या होत्या. पदर छताकडे. मी हाक मारली. त्यांच्या ओठांतून एक बुडबुडा निघाला आणि सावकाश वर गेला.

१४ नोव्हेंबर
तो चौकोन हाताने पुन्हा कोरडा केला. आजवर असे कधीही केले नव्हते. धावत घरी आले. त्या जमिनीवर पडून खोकत होत्या, केस ओलेचिंब. श्वास परत येताच शेवंता कुठे म्हणून विचारले. मग रडल्या. तिकडे सारे आहेत वं पोट्टी, म्हणाल्या. मले एकटीले काहून काढलं?

१७ नोव्हेंबर
प्रेमलाबाई जेवत नाहीत. दिवसभर कुंपणाशी. पलीकडे शेवंता, हात पुढे करून — मागे सगळा पारा, सारी वस्तीच, तसेच हात पुढे करून. तलावापासून दूर, गुढियारीत खोली ठरवली आहे. उद्या नवी प्रतिमा येण्याआधी निघू, असे विनवले. तू जाय, म्हणाल्या.

१८ नोव्हेंबर, सकाळ
शेखरला फोन केला. एक चौकोन भरू नकोस म्हटले. मी, विनंती केली. तो हसला. दीदी, नियम तो आप ही का है. त्याने काम सुरूही केले आहे —

त्यांचा हात धरून ओढते आहे. उठत नाहीत. फार हलक्या झाल्या आहेत —

माझी वेणी मानेवरून उचलली गेली. वारा नाही. सोडला हात तर त्या एकट्या —

आता आवाज येतात. शेवंताचा. सगळ्यांचे. प्रेमलाबाई त्यांना माझी ओळख करून देत आहेत, म्हणत आहेत, ही पोट्टी माझी —