सवत गळ्यातून काढली तेव्हा

मंगळवार, पहूर. दिवेलागण.

मी सांगते, सूनबाई लिहिते. मधे आपली अक्कल घालू नको गं.

महिना झाला, छातीत डावीकडे सुई टोचल्यासारखं दुखतं. ईसीजीच्या पट्टीत काही निघालं नाही. आज जळगावला एक्सरे काढला. तिथली बाई म्हणाली, "आजी, गळ्यातलं सगळं काढा."

गळ्यात माझी सवत. ह्यांची पहिली बायको वारली, मग मी आले. लग्नातच तिच्या नावाने घडवलेला चांदीचा टाक माझ्या गळ्यात घातला, तो पन्नास वर्षांत कधी काढला नव्हता. दुखतं तेही नेमकं त्याच्याच खाली.

सूनबाईच्या मुठीत दिला. म्हटलं, "धर, तुझी थोरली सासू."

आणि दुखणं थांबलं. एकदम. असं कसं?

एक्सरे साफ. डॉक्टर म्हणाले, "गुरुवारी हृदयाची सोनोग्राफी करू." बसमध्ये टाक मागितला, तर सूनबाई म्हणे, "राहू द्या माझ्याजवळ, तुम्हाला बरं वाटतंय ना?" बांधला स्वतःच्या गळ्यात.

का गं, थांबलीस का? हात छातीवर कशाला?

गुरुवारी दोघी तपासून घेऊ. आधी तो टाक इकडे आण. सवत माझी आहे, तुझी नाही.