मिसेस विंडमच्या चुका

३ ऑक्टोबर, गुरुवार
सकाळी हिरवळ कापून घेतली. दुपारी चर्चच्या कमिटीची मीटिंग. काहीही ठरलं नाही. बायको, लेनोरा, जाऊन आज सात महिने झाले. संध्याकाळी आठला आमच्या डेल्फीनने लिहिलेली मालिका सुरू झाली. लॉस एंजलिसच्या टेकडीवरचं श्रीमंत काळं कुटुंब, डॉक्टर विंडम आणि मंडळी. विनोदी. आपल्या आईबापांवर लिहून देशाला हसवायचं, हा धंदा मला पसंत नाही, हे पोरीला जूनमध्येच सांगितलं होतं. त्यामुळे पाहिली नाही. पहिली सात मिनिटं चालू होती, पण आवाज बंद होता.

४ ऑक्टोबर
वर्डेलचा फोन. लेनोराची धाकटी बहीण, ह्यूस्टनला असते. म्हणाली, भावजी, हुबेहूब तुम्हीच. मी म्हटलं, मी पाहिलेली नाही. पण त्या विंडमला साधा गळका नळ बंद करता येत नाही आणि मी सदतीस वर्षं लोकांचे वाकडे दात सरळ केले आहेत. न पाहता नळ कसा कळला, असं तिने विचारलं. मला काम होतं. फोन ठेवला.

१० ऑक्टोबर
निर्णय: पाहायची, पण फक्त चुका टिपायला. कुणीतरी जबाबदार माणसाने हे केलं पाहिजे.
आजच्या चुका. सगळे दिवाणखान्यात पाय वर घेऊन बसतात. आमच्या दिवाणखान्यात एकतीस वर्षांत पाद्री सोडून कुणी बसलेलं नाही. मग, आपण काळे आहोत याची आठवण ही माणसं दर दोन मिनिटांनी एकमेकांना करून देतात. आमच्याकडे जेवताना कुणी ते विसरल्याचं आठवत नाही. तिसऱ्या मिनिटाला एक कंगाल चुलतभाऊ उगवतो. त्याच्याशिवाय श्रीमंत काळा माणूस चॅनेलला खरा वाटत नाही.
मिसेस विंडम नवऱ्याला ‘डॉक्टर’ म्हणते. लेनोराही म्हणायची, पण तिने म्हटलं की डिग्री काढून घेतली होती आणि आता परत देते आहे असं वाटायचं. ही नटी नुसतं म्हणते. चूक.
हसण्याआधी नटीने चष्मा काढून हातात धरला. ही चूक नाही. नोंद म्हणून लिहिलं.

१९ ऑक्टोबर
गुरुवारचा भाग शुक्रवारी पुन्हा पाहिला, आज पुन्हा. एकूण चुका एकोणीस. मिसेस विंडमच्या त्यात दोनच, त्यासाठी तिसऱ्यांदा पाहावं लागलं. काम किचकट आहे.

३ नोव्हेंबर, रविवार
चर्चमध्ये टॉलिव्हरने पाठीवर थाप मारून विचारलं, काय विंडम, नळ झाला का बंद? हा माणूस चर्चचा कारभारी. त्याची बायको हॅटखाली तोंड लपवून हसत होती. मागच्या वर्षापर्यंत टीव्हीवर आपली बदनामी होते म्हणून हीच मंडळी निषेधाची पत्रं लिहीत होती. आता बदनामीत श्रीमंत दिसतो म्हणून खूश आहेत. कुणाशी न बोलता घरी आलो.

८ नोव्हेंबर
डेल्फीन जेवायला आली. काही खाल्लं नाही. नटीला सिनेमा मिळालाय, ती नाताळनंतर मालिका सोडते. दुसरी नटी चॅनेलला नको. घटस्फोटही नको, आदर्श काळं कुटुंब आहे म्हणे. मिसेस विंडमला मारा, असा निरोप आलाय.
“मला ते लिहायचं नाहीये, डॅडी. एकदा झालं तेवढं पुरे.”
मी म्हटलं, माझ्यावर सोड. ती म्हणाली, तुम्ही कृपा करून काही करू नका. पोरीला माझी ताकद माहीत नाही. दंतवैद्यांच्या अख्ख्या संघटनेला मी एका पत्रात वठणीवर आणलं होतं.

१२ नोव्हेंबर
पत्र पूर्ण. चौदा पानं. मुद्दा एकच: विधुर माणूस विनोदी नसतो. मोघम लिहायची मला सवय नाही, म्हणून एका विधुराचं उदाहरण दिलं. नाव दिलेलं नाही. मिस अर्लीनच्या पार्लरमध्ये त्याच्या बायकोची केसांसाठी कायमची वेळ होती. एकाआड एक शुक्रवार, सकाळी दहा, बावीस वर्षं. अशी वेळ आमच्याकडे आईकडून मुलीकडे जाते. सोडली की गेली. मिसेस टॉलिव्हर चार वर्षं टपून बसली आहे. तेव्हा बायको गेल्यावर तो माणूस स्वतः जातो. तिच्या खुर्चीत तासभर पेपर वाचतो. मिस अर्लीन खांद्यांवर टॉवेल टाकते. तो पूर्ण टकला आहे. यात हसण्यासारखं काय आहे, असा थेट प्रश्न मी चॅनेलला विचारला आहे.

२० नोव्हेंबर
चॅनेलने बोलावून घेतलं. पत्राचा परिणाम. कोल्टन नावाचा गोरा साहेब, मोज्यांशिवाय बूट. शेजारी वही घेतलेली एक काळी मुलगी. प्रत्येक वाक्यानंतर तो तिला विचारायचा, तुला काय वाटतं? आणि उत्तराआधी पुढचं वाक्य सुरू करायचा. पत्र त्याने दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा डोळे पुसले. अस्सल आहे, म्हणाला. ठेवून घेऊ का, म्हणाला. खुशाल ठेवा म्हटलं. जबडा पाहून मला माणसाचा होकार कळतो. मिसेस विंडम वाचली. वर्डेलला कळवलं.

२६ नोव्हेंबर
डेल्फीन आली. कोट न काढताच बसली, तीही दिवाणखान्यात. मिसेस विंडम मरणार. आणि पुढे अख्खी मालिका एकट्या डॉक्टर विंडमची. लेखकांच्या खोलीत कोल्टनने माझं पत्र मोठ्याने वाचलं. सगळे हसून हसून टेबलावर पडले, तिच्याशिवाय.
“तुम्ही खरंच जाऊन बसता तिथे?”
ते उदाहरण होतं, असं मी सांगितलं.
“मला का नाही बोलावलंत, डॅडी? मी आले असते.”
मग ती म्हणाली, मी नाही लिहिलं तर दुसरं कुणी लिहील, आणि त्याने मम्मीला कधी पाहिलेलंसुद्धा नसेल. तुम्ही नको म्हणालात तर मी मालिका सोडते.
तूच लिही, म्हटलं. खुर्ची तिसरी, खिडकीकडची, हेही सांगितलं. तिने लिहून घेतलं.

१० जानेवारी, शुक्रवार
काल भाग झाला. मिसेस विंडम पहिल्याच मिनिटात गेली. फोटो, फुलं, संपलं. पुढे विंडम पार्लरमध्ये. नट पेपर उलटा धरतो. मी कधीही उलटा धरलेला नाही. बाई टॉवेल टाकून विचारते, आज काय करायचं, डॉक्टर? तो टकलावरून हात फिरवून म्हणतो, नेहमीचंच.
मी हसलो. चांगला मोठ्याने. घरात कुणी नव्हतं.
आज सकाळी मिस अर्लीनला फोन करून सांगितलं, दहाची वेळ मिसेस टॉलिव्हरला देऊन टाका.
“नक्की ना, डॉक्टर? परत नाही मिळायची.”
नक्की म्हटलं.
दहा वाजता घरीच होतो. नखं कापली.