चित्र नाही, आवाज आहे

७ जानेवारी
संदीपनं साताऱ्याहून धाडलेली सीडी आज आली. भाचा माझा गुणी. कंडक्टरच्या हातात दिली होती, आटपाडी स्टँडवर तासभर उभा राहून घेतली. आमच्या रवीच्या शाळेतल्या स्नेहसंमेलनाची व्हिडिओ कॅसेट. बुरशी धरलेली, पण साताऱ्यात कुणीतरी ती पुसून कॉम्प्युटरमध्ये उतरवून दिली.
प्लेयरमध्ये घातली. घरघरली, फिरली, थांबली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं : ही डिस्क चालत नाही.
इंदू पलंगावरून, "लागलं का वं?"
"लागतंय."
नाही लागलं.

८ जाने.
संदीपला फोन. म्हणाला, "मामा, फाईल नव्या पद्धतीची हाय, तुमचा प्लेयर लय म्हातारा. त्याला ती उलगडंना. मोबाईलवर धाडू का?"
मोबाईलचा काय उपयोग. इंदूचा डावा डोळा काचबिंदूनं गेलाच, उजव्यात थोडं उरलंय. मोबाईलवरचा रवी तिला माशीएवढा दिसेल. टीव्हीशी पलंग लावला तर तोंड ओळखते ती, बातम्या देणारी बाई की बुवा एवढं सांगते. पण टीव्ही डबा-टीव्ही, त्याला पेनड्राईव्ह लावायला जागाच नाही. जे काय व्हायचं ते प्लेयरमधूनच.
"पाडव्याला नवा टीव्ही घिऊन येतो की मामा."
पाडव्यापर्यंत. सांगलीचे डॉक्टर म्हणाले होते, उजवा किती दिवस चालेल ते सांगता येत नाही. त्याआधी तिला रवी दाखवायचाय. एवढंच काम उरलंय मला.
सं. दुसरी बनवून धाडतो म्हणाला.

११ जाने.
वाट बघणे. दुपारभर ओटीवर बसून जुन्या कविता म्हटल्या. पलटणीत असतानाही हेच. बर्फात पहाऱ्यावर उभा राहून तिसरीच्या पुस्तकातली कविता पुटपुटायचो. जोडीदार म्हणायचा, "हवलदार साब, फिर स्कूल खुल गया?"
रवीला पाचवीत पावसाची कविता होती. आमच्याकडं पाऊस पुस्तकातच जास्त. मी रजेवर आलेलो. पोरगा शेरडांमागं फिरत पाठ करायचा आणि चुलीपुढं बसून इंदू ऐकायची. दुसरीत शाळा सुटलेली बाई, कविता तिचीच आधी पाठ झाली.
संमेलनात रवी उभा राहिला. नवा निळा सदरा, हिनं मुद्दाम शिवून घेतलेला. दोन कडवी खणखणीत. तिसऱ्याला अडला. मंडप गप्प. आणि बायकांतून हिचा आवाज, शेतात हाक मारावी तसा, पुढची ओळ! सगळा मंडप हसला. रवीही. मग म्हटली त्यानं पुरी.
बाविसाव्या वर्षी गेला, विट्याच्या रस्त्यावर मोटरसायकलवरून पडून. फोटो आहेत, पण हलता-बोलता तो या एकाच कॅसेटमध्ये.

१५ जाने.
दुसरी सीडी आली.
लिहवत नाही. तरी लिहितो.
आवाज आला, चित्र नाही. पडदा काळाकुट्ट. काळ्यातून बाकं सरकवल्याचा आवाज, टाळ्या, गुरुजींनी नाव पुकारलं, आणि रवी. दहा वर्षांचा. मी प्लेयरपाशी वाकून बटणं दाबतोय, चित्र येईना.
तिसऱ्या कडव्याला थांबला. पलंगावरून इंदूनं ओळ सांगितली. अर्धांगानं तोंड वाकडं झालंय, शब्द घरंगळतात, तरी सांगितली. आणि लगेच टीव्हीतून तिचाच तरणा आवाज, तीच ओळ.
मी वळून पाहिलं तर ती डोळे फाडून पडद्याकडं बघत होती.
"आवं, मला दिसंना झालं."
"अगं, टीव्हीच काळा आहे. चित्र उमटलं नाही."
"आवाज येतोय की. समदं हाय. मलाच दिसंना."
"शपथ. मलाही दिसत नाही."
"तुमी माझं मन राखताय. तवा बी राखलं हुतं."
तवा म्हणजे दवाखान्यात. रवी सकाळीच गेला होता, आणि मी हिला दुपारपर्यंत सांगत राहिलो, बोलतोय, पाणी मागितलं त्यानं. तिनं तांब्या भरून आणला होता.
टीव्ही बंद केला.

१६ जाने.
डोळे मिटून पडलीये. थेंब घालू देत नाही. "गेल्या डोळ्यात कशाला वततासा."
खिडकी उघडली, ऊन तोंडावर आलं, तरी उघडले नाहीत. दिसतंय की नाही हे तिलाही बघायचं नाही, असं वाटतं.
सं.ला फोन. तो : आवाज कळतो प्लेयरला, चित्राची बांधणी कळत नाही. आता लग्नाच्या डीव्हीडी असतात तशी अस्सल करून धाडतो, कुठल्याबी प्लेयरवर चालंल. रडवेला झाला बिचारा. "मामा, आधी मलाच सुचाय पायजे हुतं."

२० जाने.
तिसरी आली. इंदूला सांगितलं नाही.
'नो डिस्क.' पुसून घातली, 'नो डिस्क.' मागची सीडी घातली तर चालते, आवाजासकट, काळी. घाईनं आवाज बंद केला.
इंदू मिटल्या डोळ्यांनी, "कोन बोललं?"
"कुणी नाही."
दवाखान्यातल्यानंतर हे दुसरं खोटं.

२१ जाने.
बशीरभाई रेडिओवाले. चाळीस वर्षांची ओळख, माझा ट्रान्झिस्टर अजून त्यांच्याच हातानं बोलतो. प्लेयर पिशवीतून नेला. झाकण खोललं, भिंग लावून पाहिलं आणि हसले.
"आबा, याला मोतीबिंदू झालाय!"
मला हसू आलं नाही. त्यांना इंदूचं ठाऊक आहे, लगेच जीभ चावली.
"साधी सीडी कशीबशी वाचतंय. ह्या डीव्हीडीची अक्षरं बारीक, ती न्हाई जमत त्याला." काडीला कापूस गुंडाळला, औषधात बुडवला, आतल्या बारक्या काचेवरून फिरवला. कापूस लाल निघाला. मग पिवळा.
"आवं, ह्यात कुंकू कुनी घातलं?"
खंडेनवमीला आपल्याकडं हत्यारं-अवजारं पुजतात. विळा, कुऱ्हाड, शिलाई मशीन, आणि गेली कैक वर्षं इंदू प्लेयरही पुजायची. ट्रे बाहेर काढायची आणि आतल्या अंगाला हळदीकुंकवाचं बोट. मी म्हणायचो, बाहेरून लाव की. "दाराला लावून घरातल्या देवाला पोचतं व्हय?" यंदाही लावलं. दिवाळीनंतर हात गेला.
बशीरभाई तो कापूस टाकत होते, मी मागून घेतला. त्यांनी मजुरी घेतली नाही, म्हणाले, "वहिनींला आधी दाखवा पोरगं."

२२ जाने.
सकाळी लावली. आलं.
पिवळट मंडप, पताका, खाली पोरांची डोकी. रवी माईकपुढं, हात पाठीमागं. मला आधी बघवेना, मग नजर हलेना.
पलंग टीव्हीला भिडवला. "इंदू, उघड. चित्र आलंय. या खेपेस मन राखत नाही."
बऱ्याच वेळानं उघडले.
दोन कडवी झाली. अडला. या वेळी ती बोलली नाही, टीव्हीतल्या तिनंच सांगितली ओळ. मंडप हसला. ही पण हसली, एका बाजूनं.
"दिसतोय?"
"दिसतोय की. निळ्या सदऱ्यात कसा शोभतोय बगा."
पडद्यावर सदरा पांढरा आहे.
मलाही इतकी वर्षं निळाच आठवत होता. दोनदा लावून पाहिली. पांढराच. जुन्या कॅसेटचे रंग उडतात, असं सं. म्हणाला होता मागं. उडाला असेल. तिला असेल दिसला.
"होय," म्हटलं, "निळाच."

२३ जाने.
सं.चा फोन, "मामा, दिसलं का?" दिसलं म्हटलं.
परवा सांगलीला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नंबर आहे. जीप बघून ठेवली होती, अजून पक्की केलेली नाही.
सकाळी आपण होऊन म्हणाली, "थेंब घाला आता. सांच्याला परत बघायचाय मला."
घातले. घालताना बोट तिच्या डोळ्यापुढून आडवं गेलं. पापणी हलली का, मी पाहिलं नाही. बाटलीचं झाकण शोधत होतो.